बिझनेस सेंट्रलचे एक्स्टेन्शन: तळाच्या आवृत्तीवर बांधा, वरच्या आवृत्तीवर तपासा

मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स ३६५ बिझनेस सेंट्रल या व्यवसायाचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेले एक्स्टेन्शन (जोड-पॅकेज) अनेकदा तुम्ही त्याला हातही लावलेला नसताना मोडते. कोड तोच, ग्राहक तोच, पण खालचा प्लॅटफॉर्म बदललेला असतो. मायक्रोसॉफ्ट दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मोठी आवृत्ती आणते आणि मधल्या महिन्यांत छोटे अपडेट येत राहतात. ऑनलाइन ग्राहकाला अपडेट काही काळ पुढे ढकलता येते, पण कायमचे टाळता येत नाही. ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती २३, एप्रिल २०२४ ची २४, ऑक्टोबर २०२४ ची २५, असा हा क्रम आहे. त्यामुळे कोणत्याही दिवशी तुमचे काही ग्राहक एका आवृत्तीवर असतात, काही पुढच्या आवृत्तीवर, आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवणारे कुणी त्याहूनही मागे असतात.

आवृत्ती १४ पर्यंत जुनी सी/एएल भाषा होती आणि मूळ कोड उघडून त्यातच बदल करण्याची पद्धत होती. ऑक्टोबर २०१९ च्या आवृत्ती १५ मध्ये ती भाषा निवृत्त झाली. विक्री, खरेदी, साठा, खातेवही सांभाळणारे बेस ॲप्लिकेशन स्वतःच सी/एएलची जागा घेणाऱ्या एएल भाषेतले एक्स्टेन्शन बनले आणि तुमचे एक्स्टेन्शन म्हणजे त्याच्यावर अवलंबून असणारे आणखी एक पॅकेज. सुसंगततेचा सगळा गुंता त्यामुळे एका प्रश्नावर येतो: माझ्या पॅकेजला खालच्या पॅकेजची कोणती आवृत्ती चालते, आणि हे मी कशाच्या आधारावर म्हणतो?

ॲप.जेसनमधले आकडे नेमके काय सांगतात

प्रत्येक एक्स्टेन्शनच्या प्रकल्पात 'ॲप.जेसन' नावाची फाइल असते. तिच्यातल्या चार नोंदींचा घोळ फार होतो.

'व्हर्जन' हा तुमच्या स्वतःच्या पॅकेजचा क्रमांक. त्याचे चार भाग असतात. आधी बसवलेल्या पॅकेजवर नवे चढवायचे तर हा क्रमांक आधीच्यापेक्षा मोठा हवा. प्रत्येक भाग पूर्णांक म्हणून तपासला जातो, दशांश म्हणून नाही. म्हणून १.१०.०.० हे १.९.०.० पेक्षा मोठे.

'ॲप्लिकेशन' ही बेस ॲप्लिकेशन आणि त्याच्या सोबतच्या मायक्रोसॉफ्टच्या मूळ ॲप्सची किमान आवृत्ती. 'प्लॅटफॉर्म' ही सर्व्हरची किमान आवृत्ती. या दोन्हींत सहसा एकच आकडा असतो, उदाहरणार्थ २३.०.०.०.

'रनटाइम' म्हणजे एएल भाषेची पातळी. हा आकडा वेगळ्या मोजणीचा आहे. आवृत्ती १५ पासून हिशेब सोपा आहे: मोठ्या आवृत्तीतून ११ वजा करा. आवृत्ती २३ साठी १२.०, २४ साठी १३.०, २५ साठी १४.०. ही नोंद गाळली तर कम्पायलर (कोडचे पॅकेज बनवणारा प्रोग्राम) स्वतःला माहीत असलेली सर्वांत नवी पातळी धरतो. मग व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकातले एएलचे साधन आपोआप अपडेट झाले की कालपर्यंत बसणारे पॅकेज आज जुना सर्व्हर नाकारतो. पॅकेजची रनटाइम पातळी आपल्यापेक्षा वरची आहे, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणून 'रनटाइम' नेहमी हाताने लिहून ठेवावी.

यांतली 'व्हर्जन' सोडली तर बाकीच्या तिन्ही नोंदी किमान मर्यादा सांगतात. 'फक्त २५ पर्यंत' असे लिहायला या फाइलमध्ये जागाच नाही. २३.०.०.० लिहिले म्हणजे २३ आणि त्यापुढच्या सगळ्या आवृत्त्या, अजून न आलेल्यासुद्धा. तळाची हमी तुम्ही विचारपूर्वक देता, वरची हमी मात्र न विचारता तुमच्या नावावर लागते.

खरा सापळा सिम्बॉल्सचा

रनटाइमच्या बाबतीत कम्पायलर पहारा देतो. १२.० लिहून १३.० मधले भाषावैशिष्ट्य वापरले तर तो तिथेच अडवतो. 'ॲप्लिकेशन'च्या बाबतीत असा पहारा नाही, आणि अनेक अनुभवी लोकही इथेच घसरतात.

कम्पायलर बेस ॲप्लिकेशनमधली टेबले, प्रोसीजर (नावाने बोलावता येणारे कोडचे तुकडे), इव्हेंट (आपला कोड जोडण्याच्या जागा) ओळखतो ती सिम्बॉल पॅकेजांवरून, म्हणजे त्यांची नावे व रूप सांगणाऱ्या फाइलींवरून. ही पॅकेजे 'डाउनलोड सिम्बॉल्स' ही आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व्हरवरून 'डॉट एएलपॅकेजेस' फोल्डरमध्ये उतरतात. तुमचा सँडबॉक्स (चाचणीचे वातावरण) आवृत्ती २५ वर असेल तर सिम्बॉल्स २५ चे येतात. 'ॲप्लिकेशन'मध्ये २३ लिहिलेले असले तरी कम्पायलर तक्रार करत नाही, कारण २५ हे २३ च्या पुढचेच आहे, अट पाळली गेली. आता २५ मध्ये नव्याने आलेली एखादी प्रोसीजर तुम्ही वापरली तर कोड विनातक्रार कम्पाइल होतो, तुमच्या सँडबॉक्सवर चालतो आणि आवृत्ती २३ च्या ग्राहकाकडे बसवतानाच आपटतो. पॅकेज प्रकाशित होताना सर्व्हर कोड पुन्हा कम्पाइल करतो आणि त्याच्याकडे ती प्रोसीजर नसते.

यावर उपाय एकच आहे. अंतिम पॅकेज ज्या सिम्बॉल्सवर बांधायचे, ते जाहीर केलेल्या किमान आवृत्तीचेच असावेत. त्यासाठी बीसीकंटेनरहेल्पर हे पॉवरशेल मॉड्यूल वापरून किमान आवृत्तीचा डॉकर कंटेनर (वेगळा, बंदिस्त सर्व्हर) उभा करा आणि सिम्बॉल्स त्याच्यावरून उतरवा. रोजचे काम नव्या आवृत्तीवर करायचे असेल तर प्रत्येक आवृत्तीसाठी सिम्बॉल्सचे वेगळे फोल्डर ठेवा. एएलच्या सेटिंग्जमध्ये पॅकेज कॅशचा मार्ग बदलता येतो. एकाच फोल्डरमध्ये २३ आणि २५ ची पॅकेजे मिसळली की आपण नक्की कशावर बांधले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आवृत्ती बदलताना फोल्डर रिकामे करून सिम्बॉल्स पुन्हा उतरवणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे.

देशनिहाय आवृत्त्यांचेही भान ठेवावे. बेस ॲप्लिकेशनचे एक जागतिक रूप असते आणि अनेक देशांसाठी कर व हिशेबाच्या नियमांनुसार वेगळी रूपे असतात. जागतिक रूपावर स्वच्छ कम्पाइल झालेले पॅकेज एखाद्या देशाच्या रूपावर अडू शकते, कारण तिथे त्याच नावाचे फील्ड आधीपासून असू शकते. ज्या देशांत विकणार, तितक्या रूपांवर बांधून पाहावे लागते.

तळ कुठे ठेवायचा

सर्वांत मागे असलेल्या ग्राहकाची आवृत्ती हा तळ, असे सरळ उत्तर आहे. पण खालचा तळ फुकट मिळत नाही. आवृत्ती २३ मध्ये बेस ॲप्लिकेशनमधल्या वस्तूंना (टेबले, पाने वगैरेंना) नेमस्पेस, म्हणजे नावांचे गट, मिळाल्या. ग्राहकाचे टेबल आता 'मायक्रोसॉफ्ट.सेल्स.कस्टमर' या नेमस्पेसमध्ये आहे. तुमच्या कोडमध्ये या नेमस्पेसचा उल्लेख आला की आवृत्ती २२ संपली. आवृत्ती २२ ठेवायची असेल तर सगळ्या चमूला त्या सोयीवर पाणी सोडावे लागेल. केवळ ऑनलाइन ग्राहक असतील तर सगळे जण पुढे सरकताच तळ वर उचलावा. फार जुना तळ धरून बसणे ही ग्राहकाची सेवा वाटते, प्रत्यक्षात ती चाचण्यांचा खर्च वाढवत नेते.

रद्द होणाऱ्या गोष्टी: इशाऱ्यापासून काढून टाकण्यापर्यंत

मायक्रोसॉफ्ट एखादी प्रोसीजर किंवा टेबल एका फटक्यात काढत नाही. आधी त्यावर 'ऑब्सोलीट'ची खूण येते, स्थिती 'पेंडिंग'. सोबत कारण आणि टॅग असतो. टॅगमधला आकडा ती खूण कोणत्या आवृत्तीत लागली ते सांगतो. तुमच्या कोडमध्ये अशी वस्तू असेल तर एएल०४३२ हा इशारा येतो. साधारण किमान एक वर्ष उलटल्यावर, म्हणजे दोन मोठ्या आवृत्त्यांनंतर, ती वस्तू प्रत्यक्ष काढली जाऊ शकते. मग इशाऱ्याची जागा चूक घेते आणि कम्पाइल थांबते.

दस्तऐवजांना क्रमांक देणाऱ्या कोडचे उदाहरण पाहा. वर्षानुवर्षे हे काम 'नो-सिरीज-मॅनेजमेंट' हे कोडयुनिट (प्रोसीजरांचा संच) करत होते. आवृत्ती २४ मध्ये 'नो. सिरीज' हे नवे कोडयुनिट आले आणि जुन्यावर खूण लागली. तुमचा तळ २३ असेल तर नवे कोडयुनिट वापरता येत नाही, कारण २३ मध्ये ते अस्तित्वातच नाही. जुने वापरले तर २४ वर इशारा येतो. अशा वेळी घाबरून दोन वेगळी पॅकेजे काढण्याची गरज नसते. तळ २३ आहे तोवर जुनेच वापरा, त्या ओळींपुरता इशारा 'प्रॅग्मा' निर्देशाने बंद करा, त्या ओळींनंतर लगेच पुन्हा सुरू करा आणि शेजारी टिपणी लिहा: तळ २४ झाला की बदलणे. तळ उचलाल त्या दिवशी या टिपण्या शोधून बदल करा. जुने आणि नवे दोन्ही एकत्र नांदतात तो काळ म्हणजेच तुम्हाला मिळालेली मुदत.

सगळ्या प्रकल्पाचे एएल०४३२ इशारे एकदम बंद करणे मात्र टाळावे. शंभर इशाऱ्यांचा आवाज नको म्हणून लोक ते करतात, आणि मग पुढच्या वर्षी चाळीस चुका एकाच सकाळी समोर येतात.

मुदत पाळणे शक्यच नसेल, दोन आवृत्त्यांमध्ये समान असा मार्गच नसेल, तर सशर्त कम्पाइल वापरता येते. 'ॲप.जेसन'मध्ये किंवा बांधणीच्या आज्ञेत प्रीप्रोसेसर चिन्ह द्यायचे आणि कोडमध्ये 'जर हे चिन्ह असेल तर हा भाग, नसेल तर तो' असे लिहायचे. मायक्रोसॉफ्टही आपल्या कोडमध्ये 'क्लीन२४' अशा धाटणीची चिन्हे वापरून जुना भाग कुंपणात ठेवते. यातून एकाच कोडमधून दोन पॅकेजे निघतात, पण चाचण्याही दुप्पट होतात. हा शेवटचा उपाय समजावा.

दुसऱ्यांच्या एक्स्टेन्शनवर अवलंबून असाल तर

'डिपेन्डन्सीज' या नोंदीत प्रत्येक पॅकेजची ओळख, नाव, प्रकाशक आणि आवृत्ती येते. हीसुद्धा किमान आवृत्तीच. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: एका ग्राहकाकडे एका ॲपची एकाच वेळी एकच आवृत्ती बसू शकते. जावास्क्रिप्टच्या जगात दोन लायब्ररी आपापल्या पोटात तिसऱ्या लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बाळगतात, तशी सोय इथे नाही. तुमची दोन उत्पादने एकाच सामायिक लायब्ररीवर उभी असतील तर लायब्ररीची नवी आवृत्ती दोघांनाही एकदमच चालली पाहिजे.

म्हणून सामायिक लायब्ररी लहान ठेवावी आणि तिचा बाहेर दिसणारा भाग त्याहून लहान. प्रत्येक प्रोसीजर आणि कोडयुनिट मुळात 'इंटर्नल' ठेवा आणि बाहेरच्यांना खरोखर लागेल तेवढेच उघडा. जे उघडले ते नंतर सहज बंद करता येत नाही.

उघड्या भागात काय मोडते याचा अंदाज अनेकदा चुकतो. उघड्या प्रोसीजरला एक पॅरामीटर वाढवला की तिला हाक मारणारे सगळे तुटतात. जुनी तशीच ठेवून त्याच नावाची, जास्त पॅरामीटरांची दुसरी प्रोसीजर लिहावी. इव्हेंटचे नियम वेगळे आहेत. सबस्क्रायबर, म्हणजे इव्हेंटला जोडलेला कोड, पॅरामीटर नावाने जुळवतो आणि त्याने सगळे पॅरामीटर घ्यायची सक्ती नसते. त्यामुळे इव्हेंटला पॅरामीटर वाढवलेला चालतो, पण असलेला काढणे किंवा त्याचे नाव बदलणे चालत नाही, अगदी नावातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करणेसुद्धा. एन्यूममध्ये (ठरावीक पर्यायांच्या यादीत) नवी किंमत वाढवणे निरुपद्रवी वाटते, पण जिथे 'केस' विधानाला 'एल्स' शाखा नाही तिथे ती किंमत गुपचूप निसटून जाते.

फील्डची लांबी हा असाच छुपा प्रकार. बेस ॲप्लिकेशनमधले वर्णनाचे फील्ड नॅव्ह या जुन्या पूर्वरूपात ५० अक्षरांचे होते, बिझनेस सेंट्रलमध्ये ते १०० चे आहे. ज्यांनी आपल्या टेबलात ५० चेच फील्ड ठेवून त्यात वर्णन नकलले, त्यांचा कोड कम्पाइल होत राहिला आणि कुणी ५१ वे अक्षर टंकले त्या दिवशी चालता चालता थांबला. कोडकॉप हा विश्लेषक एए०१३९ या इशाऱ्याने असे प्रसंग आधीच दाखवतो. तो सुरू ठेवा.

पेज एक्स्टेन्शनमध्ये आपले फील्ड 'अमुक फील्डच्या नंतर' असे टांगले तर ते फील्ड पुढच्या आवृत्तीत काढले गेले की कम्पाइल अडते. शक्य तिथे 'या गटाच्या शेवटी' असे टांगावे. गट त्या मानाने क्वचित बदलतात. आणि स्वतःच्या प्रत्येक फील्डला व वस्तूला किमान तीन अक्षरांचा ठरलेला उपसर्ग किंवा प्रत्यय लावा, म्हणजे उद्या मायक्रोसॉफ्टने त्याच नावाचे फील्ड आणले तरी टक्कर होणार नाही.

आपलीच आधीची आवृत्ती मोडली नाही ना?

हे डोळ्यांनी तपासायचे काम नव्हे. ॲपसोर्सकॉप नावाचा विश्लेषक नवा कोड आणि आधी प्रकाशित झालेले पॅकेज यांची तुलना करतो: टेबल काढले का, फील्डचा प्रकार बदलला का, उघडी प्रोसीजर गायब झाली का. पण त्यासाठी 'ॲपसोर्सकॉप.जेसन' फाइलमध्ये आधीची आवृत्ती लिहावी लागते आणि ते जुने पॅकेज कॅश फोल्डरमध्ये ठेवावे लागते. आवृत्ती लिहिली पण पॅकेज सापडले नाही तर एएस०००३ असा निरोप येतो. आवृत्ती लिहिलीच नाही तर मात्र तुलनाच होत नाही आणि सगळे हिरवे दिसते. ॲपसोर्स या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन बाजारपेठेत विकत नसाल, एकाच ग्राहकासाठी लिहीत असाल, तरी हा विश्लेषक लावावा.

नको असलेले फील्ड काढायचे असेल तर तुम्हीही मायक्रोसॉफ्टचीच चाल चाला: खूण लावा, कारण लिहा, टॅग द्या, पुढे कधीतरी 'रिमूव्हड' करा. सुटलेला फील्ड क्रमांक दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरू नका. 'फोर्स सिंक' हा पर्याय अडचण चटकन सोडवतो खरा, पण काढलेल्या स्तंभांतला डेटा घेऊन जातो. ग्राहकाच्या चालू वातावरणात तो वापरण्याआधी त्या स्तंभात काय आहे ते पाहा.

डेटा सोबत नेणे

जुन्या फील्डमधला डेटा नव्यात न्यायचा कोड 'अपग्रेड' प्रकारच्या कोडयुनिटमध्ये लिहितात. बरेच जण तिथे 'डेटा व्हर्जन अमुकपेक्षा कमी असेल तर' अशी अट घालतात. सरळ रेषेत चालणाऱ्या उत्पादनाला ते पुरते. पण जुन्या शाखेवर तातडीची दुरुस्ती निघाली की क्रमांकांचा क्रम आणि कामांचा क्रम जुळत नाही, आणि एखादे रूपांतर दोनदा होते किंवा होतच नाही. अपग्रेड टॅग, म्हणजे अमुक रूपांतर झाल्याची साठवलेली खूण, वापरणे भरवशाचे. प्रत्येक रूपांतराला एक वेगळे नाव द्या. आधी टॅग आहे का विचारा, नसेल तर काम करा, मग टॅग लावा.

इथली नेहमीची चूक नव्या ग्राहकाकडे होते. पहिल्यांदा बसवताना अपग्रेड कोड चालत नाही, 'इन्स्टॉल' प्रकारचा कोड चालतो. तिथे सगळे टॅग लावून ठेवले नाहीत तर पुढच्या अपडेटला तुमचे जुने रूपांतर त्या ग्राहकाच्या ताज्या, बरोबर असलेल्या डेटावर चालते. पहिलीच वेळ आहे का हे डेटा व्हर्जन ०.०.०.० असण्यावरून ओळखता येते. नंतर उघडलेल्या नव्या कंपनीसाठीही टॅगची यादी देणाऱ्या इव्हेंटला सबस्क्राइब करावे लागते.

मोठ्या टेबलांसाठी 'डेटाट्रान्स्फर' वापरावा. तो ओळीओळीने न जाता डेटाबेसमध्ये घाऊक काम करतो. त्यामुळे टेबलाचे ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) आणि पडताळणी चालत नाहीत, हे गृहीत धरूनच वापरावा.

वरचे टोक

तळावर बांधलेले पॅकेज पुढच्या आवृत्तीवर रोज रात्री तपासले पाहिजे. बीसीकंटेनरहेल्परमध्ये सध्याची, पुढची छोटी आणि पुढची मोठी अशी कोणतीही आवृत्ती निवडता येते. गिटहबवर काम असेल तर एएल-गो या साच्यात 'टेस्ट नेक्स्ट मायनर' आणि 'टेस्ट नेक्स्ट मेजर' हे तयार वर्कफ्लो आहेत. ते वेळापत्रकावर लावले की ऑक्टोबरची अडचण ऑगस्टमध्ये कळते. मोठ्या आवृत्तीच्या साधारण महिनाभर आधी पूर्वावलोकनाचे सँडबॉक्सही उघडतात. तिथे ग्राहकासारखा डेटा घालून अपग्रेड कोड चालवून पाहावा.

केवळ कम्पाइल होते एवढ्यावर समाधान मानू नये. मायक्रोसॉफ्टने एखादा इव्हेंट पोस्टिंगच्या (व्यवहार खात्यांत पक्का नोंदवण्याच्या) क्रमात चार ओळी वर सरकवला तर कोड तसाच कम्पाइल होतो, फक्त तुम्ही वाचता त्या क्षणी रक्कम अजून मोजलेली नसते. हे फक्त स्वयंचलित चाचणी पकडते. चाचण्या वेगळ्या ॲपमध्ये ठेवा, मुख्य पॅकेजमध्ये नाही. आणि पहिल्यांदा पोस्टिंग, कर, क्रमांक या तीन वाटांवर लिहा. पडद्यावरच्या फील्डची दृश्यता तपासणाऱ्या चाचण्या नंतर लिहिल्या तरी चालतील.

पुढच्या आवृत्तीसाठी बदललेला कोड सध्याच्या आवृत्तीवर बसत नसेल, तर एका ग्राहकासाठीच्या एक्स्टेन्शनला चांगली सोय आहे. एक्स्टेन्शन अपलोड करण्याच्या पानावर 'सध्याची आवृत्ती', 'पुढची छोटी आवृत्ती', 'पुढची मोठी आवृत्ती' असा पर्याय असतो. शेवटचा निवडला तर पॅकेज वाट पाहत पडून राहते आणि ग्राहकाचे वातावरण अपडेट होताना बसते. रात्री जागून अपडेट संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

दोन शाखा सांभाळत असाल तर नव्या प्लॅटफॉर्मच्या शाखेचा क्रमांक जुन्या शाखेच्या कोणत्याही क्रमांकापेक्षा कायम मोठा राहिला पाहिजे. नाहीतर २४ वरचा ग्राहक २५ वर जाताना तुमचे पॅकेज उलट खाली जात असल्यासारखे दिसेल आणि बसणार नाही. पहिला भाग बिझनेस सेंट्रलच्या मोठ्या आवृत्तीइतकाच ठेवला की हे आपोआप साधते: जुन्या शाखेवरची दहावी दुरुस्ती २४.१०.०.० झाली तरी ती २५.०.०.० च्या खालीच राहते.